दिलीपचं सॉफ्टवेअर कुठे चालतं?

मंडळी,

तुम्ही सगळे कामंधामं टाकून आलात. ठाण्याहून आलेल्यांची तर अर्धी दुपार रस्त्यातच गेली असेल. दिलीपसाठी एवढी माणसं जमली, बरं वाटलं. बोलणं मात्र अवघड आहे. रडू येतंय म्हणून नाही. जे बोलायचंय ते शोकसभेत बोलत नाहीत, म्हणून.

मी दिलीपचा भागीदार. तेवीस वर्षं. तो कल्याणला कॉलेजात शिकवायचा, मी ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोसमोर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचो. पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर काढायचं ठरलं. तो लिहिणार, मी विकणार.

आत्ता माझ्याआधी डॉक्टर बोलले. म्हणाले, "आमच्या लॅबमधला प्रत्येक रिपोर्ट सरांच्या सॉफ्टवेअरमधून निघतो. सर रोज आमच्याबरोबर आहेत."

नाहीत हो, डॉक्टर. तुमच्या लॅबमध्ये दिलीपची एक ओळसुद्धा नाही. कुणाच्याच लॅबमध्ये नाही. नऊ वर्षं झाली.

वहिनी, पाणी घ्या. अजून आहे.

दिलीपला तयार काही चालायचं नाही. रिपोर्ट साठवायला चांगली, हजारोंनी वापरून घासूनपुसून घेतलेली साधनं फुकट मिळतात. मी म्हणायचो, घे की. तो म्हणायचा, "दुसऱ्याच्या डोक्याने मी चालत नाही."

"अरे, वहिनी इडलीचं पीठ दुकानातून आणतात, ते बरं चालतं?"

"ते पोटात जातं रे. डोक्यात नाही."

हसायचो दोघं. आणि तो परत लिहायला बसायचा.

तर रिपोर्ट साठवायचं सगळं त्याने स्वतः लिहिलं. त्यात पेशंट ओळखायचा कसा? नाव आणि वय. बस्स. कल्याण-डोंबिवलीत! इथे एका बिल्डिंगमध्ये दोन सुनीता पाटील निघतात. निघाल्याच. एकीची साखर दुसरीच्या कागदावर छापली गेली. जिला काही नव्हतं ती बाई तीन आठवडे मधुमेहाच्या गोळ्या खात होती. चक्कर येऊन जिन्यात पडली, हात मोडला. मी भेटायला गेलेलो. दिलीप आला नाही. म्हणाला, "पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो." केलंही. मग दुसरीकडे बिघडलं.

तेव्हा मी बाहेरून एक जाणकार बाई आणल्या. आतलं सगळं काढून तयार साधन बसवून घेतलं. वरचं नाव तेच, रंग तेच. दिलीपला सांगितलं नाही. त्याला कळणारही नव्हतं. सुईला घाबरायचा तो. तेवीस वर्षांत एका लॅबची पायरी चढला नाही.

पण लिहीतच राहिला. रोज. दोन-तीन महिन्यांनी पेनड्राइव्ह आणून द्यायचा. "बसव." मी म्हणायचो, "बसवतो." आणि खणात टाकायचो.

"कसं चाललंय?"

"एक तक्रार नाही."

खोटं नव्हतं ते. एकही तक्रार नव्हती. एका दिवाळीला त्या आनंदात त्याने ऑफिसात पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

सांगायला हवं होतं? हो. का नाही सांगितलं? मैत्रीखातर, असं म्हटलं तर तुम्हाला पटेल. पण ते खरं नाही. अर्ध्या लॅबवाल्यांना त्याने शिकवलेलं. "सरांचं सॉफ्टवेअर" म्हटलं की दार उघडायचं. मला त्याचं नाव हवं होतं. काम नको होतं.

तो नेहमी विचारायचा, "तयार घेतलंस आणि बिघडलं, तर कुणाच्या तोंडाकडे बघशील?" त्याचं उत्तर मला आज सुचतंय. मंडळी, त्याचंच चालू असतं आणि उद्या सकाळी बिघडलं असतं, तर आपण कुणाच्या तोंडाकडे बघणार होतो? ह्या हार घातलेल्या फोटोकडे?

आता तुम्ही म्हणाल, गेलेल्या माणसाला आज हे कशाला? गेलेल्यासाठी नाहीच. माझे कान तिखट आहेत. मघाशी दाराशी चपला काढताना दिलीपची लेक केतकी तिच्या मावशीला सांगत होती, "सकाळी राजीनाम्याचा मेल टाकला गं. बाबांचं अर्धं राहिलेलं मी पुरं करणार. एवढ्या लॅब त्याच्यावर चालतात."

केतकी, उठू नकोस, बस. काही चालत नाही त्याच्यावर. अर्धं राहिलेलं वगैरे काही नाही. तुझ्या बाबाने नऊ वर्षं एका खणासाठी लिहिलं, आणि तो खण माझा होता. घोडबंदर रोडची एवढी चांगली नोकरी सोडून तू पुढची वीस वर्षं त्याच खणात घालणार? मला शिव्या दे. जन्मात बोलू नकोस. पण तुझ्याशी मला "एक तक्रार नाही" असं बोलायला लावू नकोस. मी बोलेन. मला ते छान जमतं.

मंडळी, दिलीपसाठी आता दोन मिनिटं शांत उभं राहूया. सगळ्यांनी फोन बंद करा.

केतकी, तू चालू ठेव. राजीनामा मागे घेते, एवढं लिहायला दोन मिनिटं पुष्कळ झाली.