टंचाईच्या मोर्चाचा स्वयंपाक

परमुलखात लढाई पेटली, गॅसची जहाजं वाटेत अडकली, आणि शिंपीणबाई रिकामी टाकी घेऊन रोज रांगेत उभ्या राहू लागल्या. आज पुढच्या आजींना एक कार्यकर्ता येऊन चिकटला, तसे बाईंनी कान टवकारले.

“आजी, तुमचा रांगेतला नंबर पक्षाला द्या.”

“का? पक्ष बाळंत झालाय?”

“उद्या टंचाईविरुद्ध मोर्चा आहे. दोनशे माणसांचा स्वयंपाक करायचाय.”

“आणि कालच्या टाक्या कुठं गेल्या?”

“सरकारवाल्यांनी नेल्या. ‘टंचाई नाहीच’ म्हणून त्यांची सभा होती.”

“तिथंही जेवणावळ?”

“पोटभर!”

“माझी सून आठ दिवसांची बाळंतीण आहे रे. घोटभर पाणी तापवायची सोय नाही.”

“अहो, तिच्यासाठीच तर लढतोय आम्ही!”

“लढणारे उदंड झालेत, बाबा. तिकडे ते, इकडे तुम्ही. बरं, घे नंबर. उद्या सून आणि नातू घेऊन मोर्चात येते. मंचावर न्हाणी बांध, दोन बादल्या पाणी तापव. भाषणं तिची अंघोळ झाल्यावर.”

कार्यकर्ता घाईघाईनं मागे वळला.

“बाई, तुम्ही तरी...”

शिंपीणबाईंनी टाकीवर बसकण मारली.

“माझ्याही घरी बाळंतीण आहे.”

“माझ्याही,” मागचे ब्रह्मचारी मास्तर म्हणाले.