सिस्टरच्या सायकलचं इंजिन कुठून आलं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपले नगराध्यक्ष श्रीयुत फान दे वेले, व्यासपीठावरचे आदरणीय पाद्रीबुवा, परिचारिका संघातर्फे मिडलबर्गहून मुद्दाम आलेल्या पाहुण्या, आजच्या उत्सवमूर्ती सिस्टर याकोमिना, खास निमंत्रणावरून आलेल्या लेव्हिनाबाई, आणि ओस्टरहूकच्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी लीव्हन. सायकली दुरुस्त करतो. ब्रेक कुठं लावायचा हे मला सायकलच्या बाबतीत कळतं, भाषणाच्या बाबतीत नाही. तेव्हा कॉफी थंड होऊ लागली तर बिनदिक्कत प्यायला सुरुवात करा.

सिस्टर याकोमिना आज निवृत्त होताहेत. तेहेतीस वर्षं त्या इंजिनाच्या सायकलवरून या बेटाच्या, समुद्र अडवणाऱ्या बांधांवर फिरल्या. या सभागृहात असे किती जण आहेत, ज्यांच्या कानावर पहिला आवाज आईचा पडला आणि दुसरा या इंजिनाचा? हात वर करू नका, फार वेळ जाईल. इंजेक्शन देताना त्या म्हणायच्या, "आकाशात बगळा बघ," आणि बगळा कधीच नसायचा. आणि हो, त्यांची ती खोड. बांधावर कुठंही काठी रोवलेली दिसली की सायकल थांबवायची, खाली उतरायचं आणि दुसऱ्यानं राखून ठेवलेली वस्तू उचकटून बघायची. कोमान, हसू नकोस, तक्रार अर्ज तूच केला होतास. "सिस्टर आमच्या फळ्या चोरतात." त्यांनी आजवर एक खिळासुद्धा नेला नाही. उचलायच्या, खाली बघायच्या, परत ठेवायच्या आणि निघायच्या.

बाहेरच्या पाहुण्यांसाठी सांगतो. समुद्रानं काही वाहून आणलं की आमच्याकडे ज्याला ते पहिल्यांदा दिसेल, तो ते भरतीच्या रेषेच्या वर ओढतो आणि शेजारी काठी रोवतो. काठी म्हणजे मालक ठरला. मग ते लाकूड असो की लोण्याचं पिंप, दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही. आम्ही घरांना कुलपं लावतो, पण काठीला ती लागत नाहीत. आम्हाला याचा फार अभिमान आहे. मलाही होता.

आता इंजिनाकडे येतो. त्रेपन्नच्या फेब्रुवारीत समुद्राचा पूर आला. पाणी ओसरल्यावर सिस्टरना तीन गावं एकटीनं सांभाळायची होती, रस्ते चिखलात गेलेले. त्या माझ्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "लीव्हन, मला सायकलला इंजिन पाहिजे."

मी म्हटलं, "सिस्टर, सध्या इंजिन मिळणं म्हणजे..."

"पुराण नको. इंजिन पाहिजे."

मी रॉटरडॅमला पत्र टाकलं. उत्तर आलं, आठ महिने थांबा. जर्मनीला लिहिलं, त्यांनी छापील रंगीत चित्र पाठवलं. बेल्जियमच्या हद्दीपलीकडून एकानं बटाट्याच्या पोत्यात दडवून एक इंजिन आणलं. ते निघालं साय काढायच्या यंत्राचं, आणि फिरायचं उलटं. त्यावर सिस्टर रोग्यापासून लांब लांब गेल्या असत्या. असं सगळीकडून हात हलवत परत आलो, तेव्हा मला एक इंजिन आठवलं. खरं सांगायचं तर ते मी विसरलोच नव्हतो.

पूर रविवारी पहाटे आला. मंगळवारी सकाळी मी घोंगड्या घेऊन बांधावरून चाललो होतो. बांधाच्या समुद्राकडच्या उतारावर कोठाराचं एक मोठं दार वाहून येऊन पडलं होतं. दाराखालून सायकलचं पुढचं चाक बाहेर आलेलं, आणि चाकावर बसवलेलं इंजिन. जवळजवळ नवंच. शेजारी काठी उभी होती. तोंडाला पाणी सुटलं, पण काठी होती, मी पुढं गेलो. दुपारी परत येताना बघतो तर काठीला निळ्या चौकटीचा रुमाल बांधलेला. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, मालक येऊन गेला आणि खूण पक्की करून गेला.

मग आम्हाला सगळ्यांना बेटावरून हलवलं. शोध घेणाऱ्या नावा बांधाच्या आतल्या बाजूला फिरत होत्या, समुद्राकडे कोण बघणार? आठवड्याभरानं परत आलो तरी काठी तशीच. मी घरोघर विचारलं, "ती रुमालाची काठी कुणाची?" तीन दिवस वाट पाहिली, कारण रीत तशी आहे. कुणीच पुढं आलं नाही, ती कुणी रोवली हे आजवर कळलेलं नाही. पंचवीस तारखेला, बुधवारी, मी दार उचललं.

लेव्हिनाबाई, तुमचे वडील तिथं होते. कांद्याचं बी विकणारे मारिनुस. पलीकडच्या गावचे असल्यानं मी त्यांना ओळखत नव्हतो. पाय सायकलखाली अडकून मोडलेला होता. एक हात दाराच्या फटीशी, काठीच्या बाजूला होता.

मी पळत सिस्टरना घेऊन आलो. त्यांनी गुडघ्यावर बसून सगळं पाहिलं. कोटाच्या खिशात पाव गुंडाळलेला कागद होता, रिकामा, नीट घडी घातलेला. त्यांनी विचारलं, "काठी कधीपासून आहे?"

"मी मंगळवारी सकाळी बघितली."

"आणि रुमाल?"

"दुपारी बघितला."

त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि तो माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, "सोमवारी याच बांधावरून मी गेले. काठी मीही बघितली. त्यांच्या बायकोला काय सांगायचं ते मी सांगते. तू तोंड उघडायचं नाहीस."

आणि त्यांनी सांगितलं की मारिनुस रविवारी पहाटे पाण्याच्या पहिल्या लोंढ्यात गेले, त्यांना काही कळलंसुद्धा नाही. कागदोपत्री तीच तारीख लागली. तुमच्या आईनं डोळे पुसले आणि इंजिन आम्हाला देऊन टाकलं. म्हणाल्या, "न्या. बंद पडलेलं यंत्र त्यांना बघवायचं नाही."

मी ते सिस्टरच्या सायकलला बसवलं. दर वसंतात खोलून साफ केलं. पहिल्या वर्षापासून विनवत होतो, "सिस्टर, आता बाजारात चांगली इंजिनं आलीत, दुसरं बसवून देतो." त्या म्हणायच्या, "हेच राहील. माझ्याही कानावर पडू दे आणि तुझ्याही." रोज सकाळी सात वाजता माझ्या दुकानावरून ते इंजिन जायचं. बायकोला वाटायचं, मला आवाजाचा त्रास होतो म्हणून मी त्या वेळी नळ सोडून बसतो. लोकांना भुतं स्मशानात भेटतात म्हणे. माझं रोज माझ्या दारावरून जायचं आणि आठवड्याला एकदा तेल मागायचं.

हे आज का सांगतोय? पाद्रीबुवा माझ्याकडे बघताहेत, त्यांनाही तोच प्रश्न पडलेला दिसतो. मी लिहून आणलेलं भाषण वेगळं होतं, त्यात बगळा होता. पण तासाभरापूर्वी, बाहेर गोड पाव वाटत होते तेव्हा, लेव्हिनाबाई माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "आई मागच्या वर्षी गेली. शेवटपर्यंत एकच विचारत होती. 'मी शिवलेला निळा रुमाल त्यांच्या गळ्यात कसा नव्हता?' पाण्यानं नेला असेल, नाही का हो?"

आणि मी म्हटलं, "हो, पाण्यानंच नेला असेल."

तेहेतीस वर्षं मी गप्प होतो. गप्प राहण्याला निदान दयेचं नाव देता येतं. आज मात्र मी तुमच्या तोंडावर खोटं बोललो, तेही पाव खाता खाता. सिस्टर, तुमची परवानगी न घेता बोलतोय. तुम्ही मान हलवताय, पण ती होय म्हणून की नको म्हणून, इथून दिसत नाही. माझी नजर आता पहिल्यासारखी राहिलेली नाही.

अध्यक्षमहोदय, सिस्टरचं इंजिन आजपासून ग्रामसंग्रहालयात राहणार आहे आणि त्याखाली मारिनुस यांच्या नावाचा फलक आहे. माझी विनंती आहे, त्यावरचा पडदा आज काढू नये. फलकावर एक फेब्रुवारी कोरलं आहे. ते तीन तारखेच्या दुपारी जिवंत होते. मोडलेल्या पायानं, फटीतून हात काढून, त्यांनी काठीला रुमाल बांधला. त्यांनी आम्हाला हाक मारली होती. ती वाचायला आम्ही चुकलो, कारण आमच्या गावात त्या हाकेचा अर्थ उलटा होतो. इंजिनाचं काय करायचं हे आता लेव्हिनाबाईंनी ठरवावं. रुमाल माझ्याकडे आहे.

सिस्टर, तुम्ही आमच्यासाठी जे केलंत त्याबद्दल गावातर्फे आभार. काठ्यांशी थांबलात, त्याबद्दल माझे वेगळे आभार. समारंभाच्या आयोजकांचे, कॉफी करणाऱ्या भगिनींचे आणि हे सगळं शांतपणे ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला, असं म्हणून वक्त्यानं खाली उतरायचं असतं. लेव्हिनाबाई, तुम्ही मात्र ते पोटात घालू नका. कारण एक गोष्ट राहिली आहे, आणि ती सिस्टरनाही माहीत नाही. त्या मंगळवारी दुपारी रुमाल बघून मी बांधावर थांबलो होतो. मालक जवळपास असेल, त्याला कळावं आम्ही किती प्रामाणिक माणसं आहोत, म्हणून वाऱ्यावर मोठ्यानं ओरडलो होतो, "काळजी करू नका हो! इथं कुणी हात लावणार नाही!"

दार वीस पावलांवर होतं. त्यांनी ते ऐकलं असणार. आणि तो शब्द आम्ही बावीस दिवस पाळला.