निळ्या चपला

घानातल्या केटा गावाच्या स्टँडवर राजधानी अक्राला जाणाऱ्या गाडीसाठी रांग होती. माझ्यापुढे भाजलेली मासळी विकणारी म्हातारी आणि तिच्यापुढे गोणी घेतलेली शहरातली मुलगी.

"गोणीत काय गं पोरी?"

"कचरा, आजी. आम्ही किनाऱ्यावर फिरायला आलो होतो. खाणं केळीच्या पानात आणलं, एक शिंपलासुद्धा उचलला नाही."

"मग हा कचरा कुणाचा?"

"लोकांचा! बाटल्या, फाटकी जाळी. निघताना सगळा किनारा साफ केला."

"निळ्या चपला होत्या तिथे. तोंड गावाकडे करून ठेवलेल्या."

"हो, त्याही घेतल्या. तुम्हाला कसं माहीत?"

"मीच ठेवल्या होत्या. आमच्यात बुडालेल्याच्या चपला अशाच ठेवतात. तो बाहेर आला की त्या घालून घरी येतो. माझ्या मुलाच्या, सेलोर्मच्या आहेत त्या."

"अगं बाई! चुकलंच माझं, आजी. घ्या ना परत."

"आता काय उपयोग? चपला निघाल्या तसा तोही मागोमाग निघाला असणार."

"आजी... गोणी का गळतेय? सगळं कोरडं होतं हो!"

"रडू नकोस. शेजारची जागा धरून ठेव. आणि खिडकी त्याला दे, गाडी लागते त्याला."