चौथ्या खाटेवर परत

समारंभाच्या अध्यक्षा, संचालक डॉक्टर प्यो, व्यासपीठावरील मान्यवर, परिचारिका मैत्रिणींनो आणि सत्कारमूर्ती बंग मल्सुन बाई, आपणा सर्वांना माझा, परिचारिका तक इन्सुकचा, कमरेतून वाकून नमस्कार.

अडतीस वर्षांच्या सेवेनंतर आपल्या हेडबाई आज निवृत्त होताहेत. त्यांचा धाक काय सांगावा? डॉक्टर प्यो, हसू नका, बाई दिसल्या की तुम्हीही कोटाची बटणं लावायचात!

मी नोकरीला लागून तीनच महिने झाले होते. सकाळी पाळी बदलताना नवीन मुलीने उभ्याने एकेका रुग्णाचा अहवाल द्यायचा आणि वरिष्ठांनी तिची सालटी काढायची, अशी आपली रीत. रोजच्या बोलण्यांनी मी इतकी विटले होते, की राजीनामा लिहून खिशात ठेवला होता.

त्या सकाळी मी म्हटलं, "चौथ्या खाटेवरच्या कू आजी आज डाव्या हातात चमचा धरून सार पीत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, मला काही नाही गं, तू बैस जरा."

"उजव्या हाताला सलाइन असेल. इथे चमचे मोजायला आलीस का? पुढे!" बाई कडाडल्या.

सलाइन डाव्याच हाताला होतं. पण हेडबाईंना खोटं पाडायचं? मी? मी निमूट पाचवी खाट सांगितली, सहावी सांगितली. शेवटी म्हटलं, "बाई, मला परत चौथ्या खाटेवर जायचंय. सलाइन डाव्या हाताला आहे."

बाई उठल्या आणि धावल्याच. पक्षाघाताने आजींच्या उजव्या अंगातली ताकद चालली होती. उपचार वेळेत मिळाले, अकराव्या दिवशी आजी पायी घरी गेल्या.

दुसऱ्या सकाळी बाई सगळ्यांसमोर माझ्यापुढे कमरेत वाकल्या. "काल मी 'पुढे' म्हणाले. चूक माझी." वरिष्ठ नवख्या मुलीपुढे वाकलेली कुणी पाहिली होती? मी रडले हो! राजीनामा फाडून टाकला.

चांगली परिचारिका कशाने घडते? शिक्षणाने, अनुभवाने, पुरेशा झोपेने, सगळं खरं. पण त्या सकाळी अनुभव कुणाकडे जास्त होता? जिला बोलायची भीती वाटते, तिचं शिक्षण रुग्णाच्या काय कामाचं? बाईंनी आमची भीती घालवली. मला त्याचा फार अभिमान आहे.

आजचीच गोष्ट. तीन आठवड्यांपूर्वी कामाला लागलेली दासम बाईंना म्हणाली, "बाई, थांबा. हा डोस जास्त वाटतोय." डोस बरोबर होता. तरी बाईंनी तो तिच्यासमोर पुन्हा मोजला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे गं. पण तू थांबवलंस मला. आता मी निर्धास्त घरी जाते."

सर्वांचे मनापासून आभार. बोलताना काही कमीजास्त झालं असेल, तर पदरात घ्या.