आकडा सुनेचा

मोंटानातल्या नदीकाठच्या त्या दुकानात मासेमारीचं सामान घ्यायला रांग लागली होती. गांडुळांचा डबा धरून उभ्या असलेल्या रोवीनाच्या पुढेच एमेट आणि हार्लन हे दोन म्हातारे दोस्त होते. त्यांचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

“एमेट, उद्या नातीला मासे धरायला नेतोस म्हणे! सून तर म्हणाली होती, बंदूक असलेल्या गाडीत पोरगी बसणार नाही.”

“आता पाठवतेय.”

“बंदूक विकलीस?”

“विकतोय कशाला! सीटखाली लोखंडी पेटी बसवली, साखळीनं जखडून. चोराच्या बापाला हलायची नाही.”

“तेवढ्यावर मानली?”

“छे! म्हणाली, बाबा, कुलपाचा गुप्त आकडा मी ठरवणार.”

“म्हणजे तुला ठाऊकच नाही?”

“नाही.”

“अरे देवा! बंदूक तुझी, कुलूप सुनेचं! पाकीटही त्यातच ठेवतोस?”

“वेडा आहेस? मग खर्चाला तिच्याकडे हात पसरावा लागेल!”

“आणि पेटी उघडायची कशी?”

“नातीला घरी सोडलं की सूनच येऊन उघडणार. वर कॉफीलाही बोलावलंय. दोन वर्षांत उंबरा ओलांडू दिला नव्हता, हार्लन.”

“हं. आणि नदीवर अस्वल आलं तर?”

“पोरीला गायला लावीन. आवाज आईवर गेलाय. अस्वल पळेल!”

दोघं खो खो हसले. तेवढ्यात एमेटचा नंबर आला.

“काय देऊ, आजोबा?”

“गळाची काठी दे एक. लहान हातांना पेलेल अशी.”