हौसाबाईंची फरशी आणि केतकीचं लिंबू

मंडळी, जरा पुढं सरका. खांबाला टेकून डुलकी काढणारे — तुम्हीपण जागे व्हा, तुमच्या घरातलीच गोष्ट आहे! एक प्रश्न विचारतो. घरातल्या माणसाकडून चूक झाली, आणि त्यानं ती आपल्यापासून लपवली — तर दोष कुणाचा? लपवणाऱ्याचा म्हणता? थांबा! इतक्यात निकाल देऊ नका, आधी ऐका.

रहिमतपूरकडच्या एका गावात हौसाबाई नावाच्या बाई. उभा जन्म जमीन शेणानं सारवण्यात गेला! मनात एकच हौस — पांढरीशुभ्र संगमरवराची फरशी. लेकानं, विलासनं, ती पुरवली. त्याच वर्षी त्याचं लग्नही झालं. म्हणजे घरात नव्यानं आल्या दोघी — फरशी आणि सून केतकी. आता सांगा, लाड कुणाचे जास्त? — बरोब्बर! फरशीचे!

विलासच्या कपातून चहाचा थेंब सांडला, तर हौसाबाई कडाडल्या, "डोळे आहेत का गारगोट्या!" त्या दिवसापासून लेक चहा अंगणात पितो! कुणी तेलाची बुधली घेऊन निघालं, की ह्या मागं फडकं घेऊन! बाई मनानं वाईट नव्हत्या हो. जन्मभर वाट बघून मिळालेली वस्तू — जीव अडकणारच. पण केतकी हे सगळं बघत होती. नवी पोरगी! तिच्या मनात धास्तीच बसली.

फरशी बसवणारे शब्बीर मिस्त्री हौसाबाईंना बजावून गेले होते — "काकू, संगमरवर दिसतो कठीण, पण तेल पितो, रंग तर गटागटा पितो! खालची ओल पुरती वाळू द्या, मग मी येऊन वरून डाग अडवणारा सीलर लावतो. तोवर हळद-कुंकू जपून!" ह्या म्हणाल्या, "हो हो." आणि आल्या गौरी! आनंदाच्या भरात बाई सगळं विसरल्या. "केतकी, तुझी पहिली गौर! पावलं कशी ठसठशीत काढ!"

पोरीनं पाण्यात कुंकू कालवलं, मूठ बुडवली, आणि उंबऱ्यापासून देवघरापर्यंत गौरीची पावलं उमटवली. काय देखणी पावलं! आयाबाया तोंड भरून कौतुक करून गेल्या.

विसर्जनाला हौसाबाई नदीवर गेल्या. इकडं केतकीनं ओलं फडकं फिरवलं — कुंकू निघालं, रंग निघेना! गुलाबी पावलं जशीच्या तशी! करू काय? तिला माहेर आठवलं. आई समई कशानं घासायची? — लिंबानं! तांब्याचा हंडा कशानं लखलखतो? — लिंबानं! झालं! उंबऱ्याजवळचं पाऊल धरलं आणि लावला जोर. अहो, पितळेला लिंबू उजळतं, संगमरवराला ते खातं! रंग जरासा फिकटला, पण तळहाताएवढ्या जागेची चकाकी गेली, दगड खरखरीत झाला. ज्यांच्या घरी संगमरवर आहे त्यांनी लिंबू सरबतात पिळावं! फरशीला साधं पाणी आणि मऊ फडकं पुरतं.

मग केतकीनं त्या जागेवर पायपुसणं टाकलं. बाकीच्या पावलांवर सतरंजी! सासूबाई आल्या. "सतरंजी कशाला गं?" "पाहुणे येतील ना, आई."

दुसऱ्या दिवशी शब्बीर मिस्त्री सीलरचा डबा घेऊन दारात! "काकू, सगळं उचला." केतकी आडवी आली, "एवढं राहू द्या ना!" मिस्त्री म्हणाले, "वहिनी, खाली डाग असेल तर आत्ताच सांगा. वरून सीलर बसला, की डाग आत कोंडला. मग काही केल्या निघायचा नाही."

केतकीच्या डोळ्यांना धार लागली. तिनं स्वतःच सतरंजी ओढली, पायपुसणं उचललं. "आई, माझ्या हातून तुमची फरशी नासली."

मिस्त्री वाकून बघायला लागले. "पावलांची काळजी नको. लेप लावतो, वाळता वाळता तो रंग ओढून घेईल. पण ही उंबऱ्याजवळची जागा — हा डाग नाही, इथं दगडच खाल्ला गेलाय. मशीननं घासून पॉलिश करावं लागेल."

हौसाबाई खाली बसल्या. त्या खरखरीत जागेवरून हात फिरवला. मग सुनेचा हात हातात घेतला — घासून घासून बोटांची सालं निघालेली! बाईंना गलबलून आलं.

"ठसठशीत काढ म्हणून मीच सांगितलं होतं ना गं? मग मला का नाही बोललीस?"

"भीती वाटली, आई."

मंडळी, त्या दोन शब्दांनी हौसाबाईंचं काळीज चिरलं! त्या म्हणाल्या, "मिस्त्री, पावलांचा रंग काढा. गौर दरसाल येते, दरसाल नवी पावलं उमटवू. पण ह्या जागेला मशीन लावायची नाही. आहे तशी ठेवा आणि वरून सीलर मारा."

"काकू, दारातच दिसेल! शोभा जाईल!"

"जाऊ दे! माझ्या लेकीला माझ्याच घरात माझी भीती वाटली. जाता-येता पायाला लागेल, तेव्हा तरी माझ्या तोंडाला लगाम बसेल."

आता तुमच्याकडं वळतो. तुमच्याही घरात कुणाच्या हातून काहीतरी फुटलंय, सांडलंय, बिघडलंय — आणि तुम्हाला ठाऊक नाही. सासवांनो, बापांनो, मोठ्या भावांनो! आज घरी गेल्यावर सतरंज्या उचकटत बसू नका. त्या माणसाजवळ बसा आणि विचारा — "तुला माझी भीती वाटते का?" उत्तर येईपर्यंत थांबा. मध्ये बोलू नका!

चला, देवाचं नाव घेऊ. आणि आज जरा हळू आवाजात घेऊ — आपला चढा आवाज घरच्यांनी पुष्कळ ऐकलाय!