गेम मशीनचा पंचनामा

आशालता : थांबा. स्क्रू काढायच्या आधी इथे सही करा.

एरॉल : सही? मॅडम, हे रिपेरिंगचं दुकान आहे, तहसील ऑफिस नाय.

आशालता : तीस वर्षं वसई कोर्टात मुद्देमाल सांभाळलाय मी. उघडण्याआधी काय होतं ते कागदावर नसलं, की नंतर कोणी कोणाचं ऐकत नाही. लिहा. काळं गेम मशीन, एक. वायर दोन. रिमोट एक.

एरॉल : रिमोट नाय, कंट्रोलर.

आशालता : कंट्रोलर एक. मशीनच्या डाव्या कोपऱ्याला लाल नेलपॉलिशचा ठिपका. उघडलं की आत बोर्डावर पट्टी चिकटवून माझी सही, तारखेसकट.

एरॉल : नेलपॉलिश कशाला?

आशालता : तुमच्या आधी एकाकडे दिलं होतं. पंखा बदलला म्हणाला. जुना मागितला, तर भलत्याच मशीनचा पंखा काढून हातावर ठेवला. घरी चार दिवस चाललं आणि पुन्हा बंद. आता मी कोणावर विश्वास ठेवत नाही. तुमच्यावरही नाही.

एरॉल : बरं बाबा, केली सही. तुमच्यासमोरच उघडतो. अरे देवा! हे काय आत? काळं, चिकट. वास घ्या जरा. उदबत्ती आहे ही.

आशालता : देवघराच्या खालच्या फळीवर असतं मशीन.

एरॉल : आणि वरून झाकता कशाने?

आशालता : क्रोशाचं कव्हर आहे. मिक्सरला विणलं, टीव्हीला विणलं, तसं यालाही. धूळ नको बसायला.

एरॉल : चालू असताना पण कव्हर?

आशालता : काढायचं कशाला? दिसतं ते टीव्हीत दिसतं.

एरॉल : मॅडम, बिचाऱ्याला स्वेटर घालून मे महिन्यात बसवलंत तुम्ही. मेन चिपचे टाके सुटलेत. बहुतेक बोर्डच बदलावा लागणार. म्हणजे आतलं सगळं पुसलं जाईल. मग पासवर्ड टाकायचा, गेम परत उतरवायचे, झालं.

आशालता : पुसायचं नाही.

एरॉल : गेम कुठे जात नाय हो.

आशालता : गेमचं म्हणतच नाही मी. काहीही पुसायचं नाही. तसं लिहा कागदावर.

एरॉल : पासवर्ड काय?

आशालता : मला माहीत नाही.

एरॉल : मग कोणाला माहितेय?

आशालता : तुम्हाला दुरुस्ती करायची आहे की उलटतपासणी?

(तीन दिवसांनी, भर दुपारी, माणिकपूरच्या त्याच दुकानात. शटर अर्धं खाली.)

एरॉल : शटर मीच खाली घेतलं. बसा. मशीन देण्याआधी मला काही विचारायचंय.

आशालता : आधी माझा ठिपका दाखवा.

एरॉल : हा ठिपका. आता माझी पाळी. याचं बिल आहे?

आशालता : नाही.

एरॉल : वाटलंच मला. काल चिप गरम करून, नेट न जोडता वीस मिनिटं चालवलं मी. मालकाचं नाव येतं तेजस्वी. तुम्ही तर आशालता. पासवर्ड तुम्हाला माहीत नाय. आतलं पुसायला देत नाय. आणि चौदा महिन्यांत गेम एक पण खेळलेला नाय, पण मशीन रोज तेवीस तास चालू! काय चालवता तुम्ही याच्यावर?

आशालता : आवाज खाली.

एरॉल : गेल्या गणपतीत एकाने विरारच्या फ्लॅटमधून उचललेलं मशीन माझ्याकडे आणून टाकलं. दोन दिवस पोलीस याच स्टुलावर बसले होते. बायको अजून ऐकवते मला. खरं सांगा, कोणाचं आहे हे?

आशालता : तेजस्वी माझी मुलगी आहे.

एरॉल : मग लावा तिला फोन. पासवर्ड विचारा, विषय संपला.

आशालता : फोन नाही लावणार मी.

एरॉल : का?

आशालता : तिच्या लग्नाला मी गेले नाही. केनी नावाचा मुलगा. तुमच्यातला.

एरॉल : आमच्यातला. म्हणजे माझ्यासारखा ख्रिश्चन.

आशालता : हो. राग आला तर येऊ दे. मी तिला म्हणाले, पुन्हा या घरात पाऊल ठेवायचं नाही. ती बंगळुरूला गेली. तिने फोन केला नाही, मीही केला नाही.

एरॉल : आणि मशीनचं काय?

आशालता : हे तिचं जुनं. लग्नाचा विषय निघायच्या आधी मला चेंडूचा एक खेळ शिकवायची. माझं खातं काढून दिलं, 'आई' नावाचं. त्यात मैत्रीच्या यादीत एकच नाव आहे, तिचं. तिकडे ती खेळायला बसली की नावापुढे हिरवा दिवा लागतो. रोज संध्याकाळी साडेसातच्या आसपास. म्हणजे ऑफिसातून घरी आली, धडधाकट आहे. जूनमध्ये आठ दिवस लागला नव्हता. आठही रात्री मी मशीनसमोर बसून काढल्या. पुसलं तर मी पुन्हा आत कशी जाणार? तिला कळू न देता तेवढं बघते, बाकी काही नाही.

एरॉल : आंटी, तिला कळू न देता?

आशालता : का?

एरॉल : तुमचा पण दिवा लागतो तिच्याकडे.

आशालता : माझा?

एरॉल : मशीन चालू, म्हणजे तुम्ही हजर. तेवीस तास हजर! चौदा महिने बघतेय ती.

आशालता : खोटं बोलताय.

एरॉल : हे बघा, माझ्या फोनवर माझी यादी. हा फ्रेडरिक, चालू. हा जॅक्सन, बंद. आणि कोणाला दिसायचं नसेल तर एक बटण दाबून दिवा लपवता येतो. नाव पण काढून टाकता येतं. तिने काढलं नाय.

आशालता : विसरली असेल.

एरॉल : चौदा महिने?

आशालता : बोर्डाचं सांगा तुम्ही.

एरॉल : तो गेला. 'पुसायचं नाही' लिहून घेतलंत, पण ते माझ्या हातात नाय. दुसरा लावून बघितलाय, चालतोय. 'आई' उघडायचं तर कोड लागेल, आणि कोड जाणार तिच्या फोनवर.

आशालता : ओटीपी? तो ती कोणाला देणार नाही. मीच शिकवलंय.

एरॉल : पाठवू?

आशालता : नको. तिला वाटेल, आईने बोलायला निमित्त काढलं.

एरॉल : वाटू दे ना.

आशालता : तुम्ही मुद्दाम केलंत हे. बोर्ड चांगला होता.

एरॉल : हा घ्या जुना बोर्ड. तुमची सही आहे पट्टीवर. कोणाकडे पण नेऊन दाखवा.

आशालता : पाठवा.

एरॉल : गेला.

आशालता : किती वेळ लागतो पोचायला?

एरॉल : पोचला. तुमचा फोन वाजतोय.

आशालता : तिचाच आहे. तुम्ही उचला.

एरॉल : मी कोण उचलणार? घ्या, आंटी.

आशालता : हॅलो.

तेजस्वी : आई, नीट ऐक. कोणीतरी तुझं खातं उघडायला बघतंय. मला आत्ता कोड आला. मशीन चोरीला गेलं का?

आशालता : चोरीला नाही गेलं. बिघडलंय. दुकानात आणलंय मी.

तेजस्वी : कुठल्या दुकानात? शेजारी कोण आहे? तुझ्याकडून कोणी वदवून घेत नाहीये ना?

आशालता : नाही गं. भला माणूस आहे. झाले नऊ-दहा दिवस बंद पडून.

तेजस्वी : बारा. त्याच्या आधी पाच दिवस बंद होतं, मग चार दिवस दिवा दिसला आणि परत गेला. मला वाटलं, तुला काही झालं. शेजारच्या स्वप्नाकाकूंना विचारलं तर म्हणाल्या, बरी आहे. माझा विश्वास नाही बसला. केनीने शनिवारची तिकिटं काढलीत. तुला लांबून बघून परत जाणार होतो.

आशालता : लांबून?

तेजस्वी : हो. घरात पाऊल ठेवायचं नाही, म्हणाली होतीस ना तू. लिहून घे कोड. चार, शून्य...

आशालता : कोड राहू दे. केनीला जेवायला काय आवडतं, ते सांग आधी.